गोळ्यांचा हिशोब बरोबर, तरी व्हायरल लोड वाढलेला: एआरटी फार्मसीच्या खिडकीवरचं एक प्रकरण

ही केस पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरमधली, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथली. पेशंटची ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदललेत, औषधांचं मात्र जसं घडलं तसंच ठेवलंय. मी त्याच हॉस्पिटलच्या मेन फार्मसीत होतो, एआरटीची खिडकी आमच्या एक सिनियर मॅडम सांभाळायच्या, आणि ही केस खरं तर त्यांची आहे. लिहितोय अशासाठी की एचआयव्हीच्या उपचारात फार्मासिस्टचं काम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर बाटली देणं आणि रजिस्टरला सही घेणं एवढंच येतं, आणि हे चित्र बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

पेशंट चाळिशीच्या आतबाहेरची बाई. नवरा वारलेला, एक मुलगा कॉलेजला, ताई एका शिवणकामाच्या युनिटमध्ये कामाला. एचआयव्हीचं निदान होऊन बरीच वर्षं झालेली, एआरटी पहिल्यापासून सरकारी सेंटरमधूनच. आधी टेनोफोवीर-लॅमिव्हुडीन-एफावीरेंझ होतं, त्यात तिला चक्कर यायची, रात्री वाईट स्वप्नं पडायची, तरी तिने ते नेटाने घेतलं. नंतर टीएलडी आली म्हणजे एफावीरेंझच्या जागी डोल्युटेग्राविर, दिवसाला एकच गोळी, चक्कर नाही, काही नाही, तेव्हापासून ती खूश होती.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, कायम दबलेला. असे स्थिर पेशंट दर महिन्याला येत बसू नयेत म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, म्हणजे तीस-तीस गोळ्यांच्या तीन बाटल्या. पेशंटचा खाडा वाचतो, बसभाडं वाचतं, सेंटरची गर्दी कमी होते, चांगलीच सोय आहे. फक्त एक गोष्ट होते, जो माणूस वर्षातून बारा वेळा खिडकीवर दिसायचा तो चारदा दिसतो, आणि मधल्या तीन महिन्यांत त्याच्या आयुष्यात कुठली औषधं आली-गेली हे कुणाला कळत नाही. या केसची मुळं तिथेच आहेत.

अडचण

नेहमीच्या रिफिलला आली तेव्हा वर्षाचं व्हायरल लोडचं सॅम्पल घेतलं. रिपोर्ट आला, चार हजारांच्या आसपास. आपल्याकडे रक्ताच्या दर मिलिलिटरमागे व्हायरसच्या १००० कॉपीजची रेघ धरतात, त्याच्या वर गेलं की उपचार फेल होतोय की काय अशी शंका घ्यायची आणि पेशंटला बोलवायचं.

बोलावल्यावर पहिला प्रश्न सगळीकडे एकच असतो, गोळ्या चुकल्या का. ताई म्हणाली एकही नाही. मागच्या भेटीचा पिल काउंट, म्हणजे उरलेल्या गोळ्यांची मोजणी, कार्डावर होता, शंभर टक्के, आणि आता उरलेल्या गोळ्याही दिवसाच्या हिशोबाने बरोब्बर. आता इथे अनुभवी स्टाफच्या डोक्यात दुसरी शंका येतेच, कारण काही पेशंट मोजणीत सापडू नये म्हणून गोळ्या खरंच टाकून देतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे टीममध्ये सूर असा लागला की बाई लपवतीये. काउन्सेलरने अॅडहेरन्सची, म्हणजे गोळ्या न चुकवता घेण्याबद्दलची, सेशन्स लावली, तीन महिन्यांच्या ऐवजी एक महिन्याच्या गोळ्या द्यायच्या ठरल्या, तीन महिन्यांनी परत व्हायरल लोड. गाईडलाईनप्रमाणे यात चूक काहीच नव्हती. पण ताई खिडकीवर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, एवढी वर्षं एक गोळी न चुकवता घेतल्यावर कुणी असा संशय घेतला तर काय वाटत असेल.

खिडकीवर काय कळलं

बाटली हातात घेताना ती सहज बोलून गेली, "मॅडम, मागच्या बारीपासनं बाटली बदललीया, कंपनी दुसरी हाय का? या गोळीनं लघवी लाल-नारिंगी होतीया."

बाटली खरंच बदललेली होती. सरकारी पुरवठ्यात तीच टीएलडी वेगवेगळ्या कंपन्यांकडून येते, लेबल बदलतं, गोळीचा आकार थोडा वेगळा असतो, आणि पेशंट कुठलाही त्रास त्या बदलावर टाकतात. "काही होत नाही, औषध तेच आहे, पाणी जास्त प्या" असं सांगून पुढचा नंबर घेणं अगदी सोपं होतं, मागे लाईन लागलेली. पण टीएलडीने लघवी नारिंगी होत नाही. ती होते रिफाम्पिसिनने, आणि रिफाम्पिसिन म्हणजे टीबी.

मॅडमनी खिडकीवर एक अक्षर विचारलं नाही, कारण मागे माणसं उभी होती. "ताई, पाच मिनिटं आत या" म्हणून काउन्सेलिंगच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं, दुसरीकडे कुठे औषध चालू आहे का. आधी नाही म्हणाली. मग हळूहळू सांगितलं. मानेला गाठ आली होती, गावाजवळच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये दाखवली, सुई घालून तपासली, गाठीचा टीबी निघाला, दोन महिन्यांच्या वर झालं गोळ्या चालू होऊन. एचआयव्हीचं तिथे सांगितलं नव्हतं. का, तर पूर्वी एका दवाखान्यात सांगितल्यावर डॉक्टरांनी हात लावायचंच टाळलं होतं. आणि आमच्याकडे टीबीचं सांगितलं नव्हतं कारण, तिच्याच शब्दात, "तुम्ही रागावशीला, बाहेर कशाला गेलीस म्हणून."

दुसऱ्या दिवशी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली. मॅडमनी ती टेबलावर एकेक मांडली. टीबीच्या चार औषधांच्या एकत्र गोळीच्या स्ट्रिपा, लोहाच्या कॅप्सूल, कॅल्शियमच्या गोळ्या, पित्ताच्या पांढऱ्या-गुलाबी पातळ औषधाची बाटली, आणि एका पुडीत नणंदेने आणून दिलेलं मंडूर भस्म. टीएलडीच्या गोळ्या मात्र बाटलीत नव्हत्या, लेबल कुणी वाचू नये म्हणून डाळीच्या डब्यात एका छोट्या डबीत. मग मॅडमनी विचारलं, "कसं कसं घेता ते दाखवा." तिने टेबलावरून एकेक उचलून तळहातावर ठेवलं, टीबीच्या गोळ्या, टीएलडी, लोह, कॅल्शियम, सगळं एका मुठीत. सकाळी उपाशीपोटी, कामावर जायच्या घाईत, एका घोटात. त्यानंतर जळजळ व्हायची म्हणून लगेच वरून पित्ताचं औषध दोन चमचे.

म्हणजे गोळी एकही चुकली नव्हती, ती अंगाला लागतच नव्हती.

हे नेमकं का झालं

दोन गोष्टी एकदम घडत होत्या. रिफाम्पिसिन लिव्हरमधली औषध फोडणारी एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे डोल्युटेग्राविर रक्तातून लवकर संपतं. म्हणून रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत टीएलडीच्या एका गोळीवर भागवत नाहीत, बारा तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलीग्रॅमची आणखी एक वेगळी गोळी द्यायची असते. हे वाकडं जुनंच आहे बरं का. २००४ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे सरकारने फुकट एआरटी सुरू केली तेव्हा नेव्हिरापिन वापरात होतं, त्याचंही रिफाम्पिसिनशी जमायचं नाही.

दुसरी गोष्ट लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियमची. डोल्युटेग्राविर या धातूंना आतड्यातच चिकटून बसतं आणि रक्तात कमी जातं. उपाशीपोटी लोहासोबत घेतलं तर रक्तात पोचणारं औषध जवळपास निम्म्यावर येतं, आणि मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमवाल्या पित्ताच्या औषधासोबत तर त्याहून कितीतरी कमी. मंडूर भस्म म्हणजे लोहच. तेच जेवणासोबत घेतलं असतं तर लोह-कॅल्शियमचा एवढा फरक पडला नसता, पण पित्ताच्या औषधाला ही सवलत नाही.

आता यातलं नक्की कशाने व्हायरल लोड वाढला हे कुणालाच वेगळं काढून सांगता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेत रिफाम्पिसिनसोबत डोल्युटेग्राविरचा एकच डोस पुरतो का यावर अभ्यास झालेत आणि त्यात बऱ्याच पेशंटचा व्हायरस दबलेला राहिला, त्यामुळे मला स्वतःला वाटतं की इथे लोह-कॅल्शियम-पित्ताच्या औषधाचा वाटा मोठा असावा. पण ते माझं मत, आपल्याकडचा नियम दोन वेळच्या डोसचाच आहे आणि वाढलेल्या व्हायरल लोडवर प्रयोग करत बसायची ही वेळ नव्हती.

कोणते पर्याय होते

मॅडमनी एका कागदावर सगळी औषधं, कधीपासून चालू, कशी घेते, असं लिहून मेडिकल ऑफिसर सरांकडे नेलं. प्रिस्क्रिप्शन बदलणं फार्मासिस्टच्या हातात नाही, ते असूही नये, पण काय विचार करायचा ते पुढ्यात मांडणं हातात आहे आणि सरांनी त्यांना बसवून घेऊन चर्चा केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ठरलंय तसं चालू ठेवायचं, म्हणजे अॅडहेरन्स सेशन आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट, हा पर्याय लगेच बाद झाला कारण खरं कारण समोर होतं.

सेकंड लाईनसाठी, म्हणजे चालू औषधं फेल गेल्यावर द्यायच्या पुढच्या औषधांसाठी, राज्याच्या एक्सपर्ट पॅनलकडे केस पाठवायची का? घाई झाली असती, आणि सेकंड लाईनमधली अटॅझानावीर-रिटोनावीरसारखी औषधं रिफाम्पिसिनसोबत चालतच नाहीत, त्यांची पातळी इतकी पडते की उपयोग शून्य. मग टीबीचं रिफाम्पिसिनही बदलून त्याजागी रिफाब्युटिन आणावं लागलं असतं. एका गाठीसाठी आणि एका मुठीतल्या गोळ्यांसाठी एवढी उलथापालथ कशाला.

डोल्युटेग्राविर काढून परत एफावीरेंझ द्यायचं, यावर मात्र बराच वेळ बोलणं झालं. एफावीरेंझ रिफाम्पिसिनसोबत चालतं, एकच गोळी राहते, लपवायला सोपी. पण व्हायरस वाढलेला असताना एफावीरेंझवर गेलं तर रेझिस्टन्स पटकन येतो, म्हणजे व्हायरस औषधाला दाद देईनासा होतो, डोल्युटेग्राविर तिथे जास्त टिकाऊ आहे. शिवाय तिला त्याचा त्रास झालेला. सरांनी तो नको म्हटलं.

राहिला तो पर्याय, टीएलडी तशीच, संध्याकाळी जादा डोल्युटेग्राविर, आणि बाकीच्या गोळ्यांची वेळ फोडायची.

सगळ्यात अवघड प्रश्न औषधाचा नव्हताच. खाजगी डॉक्टरांना सांगायचं का? सरांचं म्हणणं होतं की टीबी बघणाऱ्या डॉक्टरला एचआयव्ही माहीत असलाच पाहिजे, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच आहे. पण २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे, पेशंटच्या समजून दिलेल्या लेखी संमतीशिवाय तिचं एचआयव्हीचं स्टेटस सहसा दुसऱ्याला सांगता येत नाही. उपचारासाठी गरज असेल तर तिच्यावर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला सांगायची सूट कायद्यात आहे, पण तिला न विचारता एक फोन करून "डॉक्टर, तुमच्या पेशंटला एआरटी चालू आहे" म्हणणं बरोबर नव्हतं. ताईला विचारलं. ती ठाम होती, तिथे नको.

काय केलं

टीबीचे उपचारच एआरटी सेंटरमध्ये आणले. एचआयव्ही आणि टीबी दोन्ही असलेल्या पेशंटला दोन्ही औषधं एकाच ठिकाणी द्यायची सोय आहे, फक्त तोपर्यंत हिचं दोन्ही असणं कुठल्याच एका माणसाला माहीत नव्हतं. टीबीच्या स्टाफने निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटांच्या सरकारी ऑनलाईन नोंदणीत, बघितलं तर खाजगी हॉस्पिटलने तिची नोंद केलेली होती, ट्रान्सफर झाली. तिथे तिने एवढंच सांगितलं की सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात म्हणून तिकडे जाते. गाठीतलं पाणी परत काढून सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू रिफाम्पिसिनला दाद देतात का ते दाखवणाऱ्या तपासणीला, पाठवलं, टीबी रिफाम्पिसिनला दाद देणारा निघाला, म्हणजे औषध तेच ठेवता आलं.

जादा डोल्युटेग्राविरच्या बाटल्या आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या आणि त्या आधीच दुसऱ्या टीबीच्या पेशंटांना ठरलेल्या. मॅडमनी त्याच दिवशी शेजारच्या जिल्ह्यातल्या सेंटरला फोन लावला, राज्याच्या ऑफिसची परवानगी मेलवर घेतली आणि तिथला शिल्लक स्टॉक आणवला. हे काम कार्डावर कुठे दिसत नाही, पण दोन आठवडे औषध नाही असं झालं असतं तर सगळा प्लॅन कागदावरच राहिला असता.

मग वेळा बसवल्या. डोल्युटेग्राविर लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं असतं, आणि आता ते दिवसातून दोनदा होतं, त्यामुळे लोहाला मधली जागा शोधायची होती. सकाळी सहाला टीबीच्या गोळ्या आणि टीएलडी. दुपारी बाराच्या डब्यासोबत लोह. संध्याकाळी सहाला जादा डोल्युटेग्राविर. कॅल्शियमची खास गरज नव्हती म्हणून सरांनी बंदच केलं, पित्ताचं पातळ औषध बंद करून त्याजागी पँटोप्राझोल दिलं जे डोल्युटेग्राविरच्या आड येत नाही, आणि भस्माची पुडी ताईने स्वतःच बाजूला सारली. संध्याकाळच्या बाटलीच्या झाकणाला मॅडमनी निळी चिकटपट्टी लावून दिली.

पुढे काय झालं

पहिल्याच महिन्यात निळ्या झाकणाच्या बाटलीत सात-आठ गोळ्या जास्त निघाल्या. सकाळच्या गोळ्यांचा हिशोब बरोबर. मॅडमनी चुकल्या का असं विचारलं नाही, "संध्याकाळी सहाला तुम्ही कुठे असता" असं विचारलं. तर युनिट सुटायची वेळ तीच, बरोबरच्या बायका एका रिक्षेत, आणि पर्समध्ये बाटली खुळखुळते. घरी पोचून घेऊ म्हटलं तर तोवर पोरगा आणि शेजारीण दारात. मग साधा उपाय केला, आठवड्यापुरत्या गोळ्या छोट्या डबीत कापूस घालून, आणि साडेपाचला युनिटच्या बाथरूमला जाते तेव्हाच पाण्याबरोबर गोळी. अर्धा तास इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. पुढच्या महिन्यापासून दोन्ही बाटल्यांचा हिशोब जुळायला लागला.

तीन महिन्यांनी परत व्हायरल लोड केला, तो परत पूर्वीसारखा दबलेला आला. गाठ बसत गेली, वजन वाढलं.

शेवटी एक वळण राहिलं होतं. टीबीचा कोर्स सहा महिन्यांनी संपला, टीबीच्या स्टाफने अभिनंदन करून सांगितलं की औषध संपलं, आणि ताईला वाटलं निळ्या झाकणाची बाटलीपण आता बंद. पण रिफाम्पिसिन थांबल्यावरही त्याचा लिव्हरवरचा असर लगेच जात नाही, म्हणून जादा डोल्युटेग्राविर आणखी दोन आठवडे चालू ठेवायचं असतं. मॅडमनी ही तारीख महिनाभर आधीच तिच्या उपचाराच्या हिरव्या पुस्तकात लाल पेनाने लिहून ठेवली होती, त्यामुळे ती बाटली घेऊन खिडकीवर आलीच, परत करायला म्हणून, आणि तिथून परत घेऊन गेली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे रिपोर्ट बघून अॅडहेरन्स हा शब्द एवढ्या लवकर यायला नको होता. व्हायरल लोड वाढला की आधी पोटात दुसरं काय जातंय ते बघायला हवं, मग पेशंटच्या खरेखोटेपणाकडे. पिल काउंटवरून गोळी डबीतून बाहेर गेली एवढंच कळतं. हे ज्याला पटत नाही त्याने एकदा पेशंटला गोळ्या कशा घेता ते हातावर करून दाखवायला सांगावं.

दर भेटीला टीबीचे चार प्रश्न विचारतात, खोकला, ताप, वजन कमी होणं, रात्रीचा घाम. मानेची गाठ त्या चारात बसत नाही. आणि "दुसरं औषध चालू आहे का" असं विचारलं की पेशंट सरळ नाही म्हणतात, कारण लोहाची गोळी, पित्ताचं औषध, भस्म, काढा यांना ते औषध समजतच नाहीत. म्हणून मॅडमनी तेव्हापासून नावं घेऊन विचारायला सुरुवात केली: ताकदीची गोळी, हाडाची गोळी, पित्ताचं पातळ औषध, शंखभस्म किंवा मंडूर, शुगरची गोळी. शुगरची अशासाठी की डोल्युटेग्राविरसोबत मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढते, दिवसाला हजार मिलीग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. तीन महिन्यांच्या बाटल्या देताना तर हे विचारलंच पाहिजे, कारण पुढची संधी तीन महिन्यांनी.

खाजगी हॉस्पिटलने टीबीचं निदान झाल्यावर एचआयव्ही टेस्टबद्दल बोलायला हवं होतं, प्रत्येक टीबी पेशंटला ती देऊ करायची असं राष्ट्रीय धोरणच आहे. निक्षयवर तो रकाना रिकामा होता. आणि बाहेरच्या मेडिकल दुकानातला फार्मासिस्ट? टीबीची औषधं शेड्युल एच-वन मध्ये, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीत, आहेत, पेशंटचं नाव रजिस्टरला लिहूनच द्यावी लागतात, म्हणजे तो माणूस तिच्याशी दोन मिनिटं बोललाच असणार. तिला एचआयव्ही आहे हे त्याला कळायचं कारण नाही, पण "या गोळीने लघवी लाल होईल, आणि दुसरी काही गोळी रोज घेत असाल तर तिथल्या डॉक्टरांना हे नक्की दाखवा" एवढं सांगायला कुठलंही स्टेटस माहीत असावं लागत नाही. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ सालीच आलेत आणि त्यात पेशंटला समजावून सांगणं हे रजिस्टर्ड फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे.

मनुष्यबळाचंही बोललं पाहिजे. एका खिडकीला एक फार्मासिस्ट, स्टॉक, रजिस्टर, ऑनलाईन एंट्री, एक्सपायरी, सगळं तिनेच बघायचं, आणि वर प्रत्येक पेशंटशी बोलायचं अशी अपेक्षा. त्या दिवशी पाच मिनिटं आत जाण्यासाठी मॅडमना खिडकी बंद ठेवावी लागली आणि लाईनमधल्या लोकांची बोलणी खावी लागली. एंट्रीचं काम दुसऱ्या कुणाकडे दिलं तर ती पाच मिनिटं रोज मिळतील.

एका मुद्द्यावर आमचं आजही एकमत नाही. त्या खाजगी सर्जनना अजून माहीत नाही की त्यांच्या पेशंटला एचआयव्ही आहे, आणि ताई उद्या दुसऱ्या कशासाठी तिथेच गेली तर परत तीच गोष्ट होऊ शकते. सर म्हणतात संमतीसाठी अजून समजवायला हवं होतं. मॅडम म्हणतात की दबाव टाकला असता तर ती आपल्याकडेही सांगायची बंद झाली असती. सध्या एवढं झालंय की ताई बाहेर कुठेही गेली तरी नवीन प्रिस्क्रिप्शनचा फोटो पहिली गोळी घ्यायच्या आधी काउन्सेलरच्या फोनवर पाठवते, आणि तो मॅडमकडे येतो.